फॉर्मचा वारसा: विंडोज फॉर्म्समध्ये पहिला बेस फॉर्म बांधणाऱ्यांसाठी

२०१७ च्या जूनमध्ये मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नवी होते. आमचं सॉफ्टवेअर विंडोज फॉर्म्समध्ये (डेस्कटॉपवरच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, बनवण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) बांधलेलं होतं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत चालायचं. गेट पास, इनवर्ड, काट्याची पावती, डिलिव्हरी चलन, जॉबवर्कचं चलन, असे सगळे मिळून ४३ फॉर्म. १ जुलैला जीएसटी लागू होणार होता, म्हणून प्रत्येक फॉर्मवरचा व्हॅटचा टिन नंबर काढून तिथे जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा नोंदणी क्रमांक, घालायचा होता. आणि प्रत्येक फॉर्म आधीच्या एखाद्या फॉर्मची कॉपी करून बनवलेला. म्हणजे तीच मजकुराची पेटी (टेक्स्टबॉक्स) ४३ वेळा ओढायची, तीच तपासणी ४३ वेळा चिकटवायची. आम्ही दोघींनी रात्री बसून ते काम संपवलं. तरीही पहिल्याच आठवड्यात रबाळ्याच्या एका गेटवरून फोन आला, "मॅडम, आउटवर्डला सेव्हचं बटण डावीकडे कसं गेलं? मी ते न बघता दाबतो."

त्यानंतर मी व्हिज्युअल इनहेरिटन्स शिकले, म्हणजे एक फॉर्म नीट बांधायचा आणि बाकीच्यांनी त्याचा वारसा घ्यायचा. माझे पहिले दोन बेस फॉर्म मला टाकून द्यावे लागले, कारण एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ती आधीच सांगते. तुम्ही वारस फॉर्म डिझायनरमध्ये (बटणं, पेट्या माउसने मांडायच्या खिडकीत) उघडता तेव्हा व्हिज्युअल स्टुडिओ तुमचा बेस फॉर्म खरोखर चालवतो. वारस फॉर्मचा कोड मात्र तो चालवत नाही, नुसता वाचतो. खालचे निम्मे सापळे या एका फरकातून येतात, म्हणून हे वाक्य डोक्यात ठेवून पुढे वाचा.

शब्दांबद्दल थोडं. ज्याच्याकडून घ्यायचं तो बेस फॉर्म, जो घेतो तो वारस फॉर्म. आपल्याकडे बरेच जण 'चाइल्ड फॉर्म' म्हणतात, पण एमडीआय खिडकीच्या (अनेक फॉर्म आत ठेवणाऱ्या मुख्य खिडकीच्या) पोटात उघडणाऱ्या फॉर्मलाही तेच म्हणतात आणि ती अगदी वेगळी गोष्ट आहे. माझ्या टीममध्ये नव्याने आलेल्या दोघांचा यात गोंधळ झाला, तेव्हापासून आम्ही 'वारस' म्हणतो.

काय काय लागेल

- व्हिज्युअल स्टुडिओ, त्यात 'डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट' हा वर्कलोड. शिकण्यासाठी कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. मोठ्या उद्योगात मोडत नसलेल्या कंपनीत ती पाच जणांपर्यंत वापरता येते, पण परवान्याच्या अटी एकदा स्वतः वाचा.
- गिट, म्हणजे फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन. याच्याशिवाय सुरुवात करू नका. डिझायनर आपणहून फाइली लिहितो, आणि काय लिहिलं ते फक्त गिटच्या फरकात दिसतं.
- सध्याच्या सगळ्या फॉर्मचे स्क्रीनशॉट, कागदावर छापलेले.
- जे रोज ते फॉर्म वापरतात त्यांच्यापैकी एकाचा तासभर वेळ.

उदाहरणं मी सी शार्पची देते. व्हीबी डॉट नेटमध्ये जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

१. आधी ठरवा, बेसमध्ये काय जाणार

छापलेले स्क्रीनशॉट टेबलावर पसरा आणि प्रत्येक कागदावर सारख्या असलेल्या गोष्टींना लाल पेनाने गोल करा. आमच्याकडे पाच गोष्टी निघाल्या: वरची शीर्षकाची पट्टी, खाली सेव्ह, रद्द आणि प्रिंट ही तीन बटणं, डाव्या कोपऱ्यात लॉगिन केलेल्याचं नाव, एस्केप दाबल्यावर फॉर्म बंद होणं, आणि सेव्ह करण्याआधी विचारला जाणारा प्रश्न.

'बहुतेक' फॉर्मवर आहे म्हणून काहीही बेसमध्ये टाकू नका. पार्टीचं नाव ४३ पैकी ३१ फॉर्मवर होतं. मी ते बेसमध्ये घातलं आणि उरलेल्या १२ फॉर्मवर लपवत बसले. लपवलेली पेटी टॅबच्या क्रमात आणि तपासणीच्या कोडमध्ये तशीच राहते आणि नंतर त्रास देते. अशा वस्तूसाठी वेगळा कंट्रोल (फॉर्मवरची पेटी, बटण अशी वस्तू) बनवायचा असतो, तो आठव्या पायरीत येईल.

वारशाच्या पायऱ्या दोनच ठेवा. फार तर तीन: सगळ्यांचा बेस, त्याखाली 'नोंद करण्याचे फॉर्म' आणि 'यादी दाखवण्याचे फॉर्म' असे दोन, आणि त्यांच्याखाली खरे फॉर्म. त्याहून खोल गेलात की एखादं बटण नेमकं कुठून आलं हे शोधण्यात सकाळ जाते.

२. बेस फॉर्म बांधा

शक्य असेल तर बेससाठी वेगळा क्लास लायब्ररी प्रोजेक्ट करा आणि मुख्य प्रोजेक्टमधून त्याचा रेफरन्स घ्या. नेहमीसारखा फॉर्म जोडा, लाल गोल केलेल्या वस्तू त्यावर मांडा, आणि 'अ‍ॅक्सेप्ट बटण' व 'कॅन्सल बटण' या फॉर्मच्या दोन प्रॉपर्टी इथेच भरा, म्हणजे एंटर आणि एस्केप सगळीकडे सारखे चालतील.

बेस फॉर्मला पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर (फॉर्म तयार होताना सगळ्यात आधी चालणारा कोड) हवाच. डिझायनरला तुमचा बेस स्वतः तयार करायचा असतो, आणि कन्स्ट्रक्टरला युजरचा आयडी किंवा कनेक्शन काय द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. पॅरामीटर असलेला दुसरा कन्स्ट्रक्टर खुशाल ठेवा, पण हा साधा काढू नका.

बेस फॉर्म 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' करण्याचा मोह होतो. पुस्तकात तसंच शिकवलेलं असतं आणि शुद्ध कोडच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लासची वस्तू तयार करता येत नाही, त्यामुळे डिझायनर वारस फॉर्म उघडायलाच नकार देतो. म्हणून अ‍ॅब्स्ट्रॅक्टऐवजी 'व्हर्च्युअल' मेथड (जिची स्वतःची आवृत्ती वारस लिहू शकतो, म्हणजेच ओव्हरराइड करू शकतो) ठेवा, आणि जी वारसाने भरलीच पाहिजे तिच्या आत 'नॉट इम्प्लिमेंटेड' अपवाद फेका. जेनेरिक (डेटाचा प्रकार नंतर ठरणाऱ्या) बेसच्या बाबतीतही डिझायनर कुरकुरतो. तो हवाच असेल तर मध्ये एक साधा, जेनेरिक नसलेला क्लास ठेवा आणि खरे फॉर्म त्याच्याकडून घ्या.

३. मॉडिफायर

नवीन माणूस सगळ्यात आधी इथे अडतो. बेस फॉर्म झाला, वारस फॉर्म उघडला, सेव्हचं बटण दिसतंय, पण त्याच्या कोपऱ्यात छोटं कुलूप. प्रॉपर्टीच्या खिडकीत सगळं करडं. मजकूर बदलत नाही, जागा बदलत नाही.

कारण सी शार्पमध्ये डिझायनर प्रत्येक कंट्रोल 'प्रायव्हेट' म्हणून जाहीर करतो. वारसाला तो दिसतो, पण हात लावता येत नाही. बेस फॉर्मवर कंट्रोल निवडा, प्रॉपर्टीत 'मॉडिफायर्स' शोधा आणि तिथे 'प्रोटेक्टेड' करा. बिल्ड करा. कुलूप जाईल, त्याजागी वारशाची छोटी खूण येईल.

व्हीबी डॉट नेटमध्ये मुळातली निवड 'फ्रेंड' असते, म्हणून एकाच प्रोजेक्टमध्ये सगळं सुरळीत चालतं. आणि ज्या दिवशी बेस वेगळ्या लायब्ररीत हलवता त्या दिवशी अचानक सगळीकडे कुलपं दिसतात. काही बिघडलेलं नसतं, 'फ्रेंड'ची हद्द तेवढ्या असेंब्लीपुरतीच (एका प्रोजेक्टच्या बिल्डमधून निघणाऱ्या फाइलीपुरतीच) असते.

आता सगळंच प्रोटेक्टेड करायचं का? नाही. कुलूप हे तुमच्या हातातलं साधन आहे. जे कोणीही हलवू नये असं तुम्हाला वाटतं ते मुद्दाम प्रायव्हेट ठेवा. आमच्याकडे तळाची तिन्ही बटणं प्रायव्हेट आहेत. रबाळ्याच्या त्या गेटवरचं बटण पुन्हा कधी डावीकडे गेलं नाही, कारण आता ते कुणाला सरकवताच येत नाही. वारसाला प्रिंटचं बटण नको असेल तर त्यासाठी बेसवर 'प्रिंट दाखवायचं का' अशी एक प्रॉपर्टी आहे. कुलूप उघडून देण्यापेक्षा अशी प्रॉपर्टी देणं केव्हाही चांगलं.

४. वारस फॉर्म तयार करा

आधी बिल्ड करा. मग 'अ‍ॅड न्यू आयटम'मध्ये 'इनहेरिटेड फॉर्म' निवडा, समोर येणाऱ्या 'इनहेरिटन्स पिकर'मधून बेस निवडा. बिल्ड न करता गेलात तर यादीत बेस दिसत नाही, कारण पिकर तुमचा कोड बघत नाही, तयार झालेली असेंब्ली बघतो.

हा पर्याय तुमच्या प्रोजेक्टमध्ये दिसत नसेल तरी अडत नाही. साधा फॉर्म जोडा, कोडमध्ये जिथे तो 'फॉर्म'चा वारसा घेतो तिथे तुमच्या बेसचं नाव लिहा, बिल्ड करा, फॉर्म बंद करून पुन्हा उघडा. मी हल्ली नेहमी असंच करते.

बेसमध्ये केलेला प्रत्येक बदल वारसात दिसण्यासाठी बिल्ड लागतंच. बिल्डनंतरही जुनंच चित्र दिसत असेल तर डिझायनरचा टॅब बंद करून परत उघडा.

५. डिझायनर काय चालवतो आणि काय नुसतं वाचतो

इथे सावकाश वाचा.

डिझायनर वारस फॉर्म उघडतो तेव्हा तो बेस क्लासची खरी वस्तू तयार करतो. बेसचा कन्स्ट्रक्टर चालतो. त्यातलं 'इनिशियलाइझ कंपोनंट', म्हणजे कंट्रोल मांडणारी डिझायनरने लिहिलेली मेथड, चालतं. फॉर्म उघडताना लागणारा बेसचा लोड इव्हेंटसुद्धा चालतो. त्यानंतर वारसाच्या डिझायनर फाइलमधल्या ओळी एकेक वाचून तो त्या वस्तूवर लावतो. वारसाचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर तो चालवत नाही.

माझ्या पहिल्या बेस फॉर्ममध्ये लोडवर डेटाबेसचं कनेक्शन उघडलेलं होतं. ऑफिसमध्ये काही कळलं नाही, कारण सर्व्हर शेजारच्या खोलीत होता आणि कनेक्शनची माहिती मी कोडमध्येच लिहून ठेवली होती. पावसाने गाड्या बंद पडल्या त्या दिवशी मी कळव्याहून घरून काम करायला बसले, आणि एकही वारस फॉर्म उघडेना. प्रत्येक फॉर्मला अर्धा मिनिट थांबायचं आणि मग एररचं पान. मला वाटलं व्हिज्युअल स्टुडिओ बिघडला. खरं तर तो प्रत्येक वेळी माझा सर्व्हर शोधत होता.

कनेक्शनची माहिती कॉन्फिग फाइलमध्ये ठेवली तरी सुटका नाही. डिझायनर ही वेगळी प्रक्रिया आहे, ती तुमच्या प्रोग्रामची कॉन्फिग फाइल वाचत नाही. म्हणून 'कनेक्शन स्ट्रिंग सापडली नाही' अशी तक्रार फक्त डिझायनरमध्येच येते आणि प्रोग्राम चालवला की सगळं ठीक असतं. ही तक्रार दिसली की बेसच्या लोडमध्ये जाऊन बघा.

उपाय असे:

लोडमध्ये पहिल्याच ओळीला 'डिझाइन मोड' ही प्रॉपर्टी तपासा. खरी असेल तर तिथूनच परत फिरा.

कन्स्ट्रक्टरमध्ये ही प्रॉपर्टी उपयोगाची नाही. त्या क्षणी फॉर्मला आपण डिझायनरमध्ये आहोत हे अजून कळलेलं नसतं, त्यामुळे उत्तर नेहमी 'नाही' येतं. तिथे 'लायसन्स मॅनेजर'चा 'युसेज मोड' बघावा लागतो. पण माझा सल्ला असा की कन्स्ट्रक्टरमध्ये इनिशियलाइझ कंपोनंटशिवाय काहीच ठेवू नका, मग हा प्रश्नच येत नाही.

डिझाइन मोडची आणखी एक अडचण आहे. एका यूजर कंट्रोलच्या पोटात दुसरा कंट्रोल असेल तर त्या आतल्या कंट्रोललाही चुकीचं उत्तर मिळतं. म्हणून डेटाबेस, काट्याचा सिरियल पोर्ट, प्रिंटर यांना हात लावणारा कोड कंट्रोलमध्ये ठेवूच नका. फॉर्म चालू झाल्यावर बाहेरून बोलवा.

आणि एक चूक जी डिझायनरमध्ये नव्हे, प्रोग्राम चालवल्यावर दिसते. बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेथड बोलावली तर ती वारसाची आवृत्ती चालवते, पण त्या वेळी वारसाचे कंट्रोल अजून जन्मालाच आलेले नसतात, कारण बेसचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो. मिळतो तो 'नल रेफरन्स'चा अपवाद. असं काम 'ऑन लोड' ओव्हरराइड करून तिथे करा, आणि तिथे बेसचं 'ऑन लोड' बोलवायला विसरू नका, नाहीतर लोड इव्हेंट लागतच नाही.

कधी डिझायनरऐवजी लांबलचक एररचं पान येतं आणि त्यावर 'इग्नोर अँड कंटिन्यू' असा पर्याय असतो. तो घाईत दाबू नका. डिझायनरला जे समजलं नाही ते तो गाळतो, आणि तुम्ही नंतर सेव्ह केलंत तर ते कंट्रोल किंवा त्यांच्या इव्हेंटची जोडणी कायमची जाते. आधी गिटमध्ये कमिट, मग प्रयोग. खरं कारण शोधायचं असेल तर दुसरा व्हिज्युअल स्टुडिओ उघडा आणि पहिल्याच्या प्रक्रियेला डिबगर जोडा. डॉट नेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टसाठी 'डेव्हएन्व्ह', नव्या डॉट नेटसाठी 'डिझाइन टूल्स सर्व्हर'. मग पहिल्यात फॉर्म उघडा, दुसऱ्यात नेमकी ओळ सापडते.

६. बटण दाबल्यावर कोणाचा कोड चालतो

समजा सेव्ह प्रोटेक्टेड आहे. तुम्ही वारस फॉर्मवर त्यावर दोनदा क्लिक केलंत आणि कोड लिहिलात. तुम्हाला वाटतं, बेसचा कोड बदलला. तसं होत नाही. इव्हेंटला आणखी एक जोड मिळते. दाबल्यावर आधी बेसचा कोड चालतो, मग तुमचा. आमच्याकडे यातून एकाच चलनाच्या दोन नोंदी पडल्या होत्या, आणि त्या महिन्याचा हिशोब जुळवताना कारखान्याच्या अकाउंटंटना फार त्रास झाला.

बरोबर पद्धत अशी. बटणाचा क्लिक फक्त बेसमध्ये हाताळा. त्यात क्रम पक्का करा: तपासा, विचारा, साठवा, सांगा. 'तपासा' आणि 'साठवा' या दोन प्रोटेक्टेड व्हर्च्युअल मेथड ठेवा. वारसाने फक्त त्या दोन ओव्हरराइड करायच्या. प्रश्न विचारणं, सेव्ह चालू असताना बटण बंद करणं, चूक आली तर संदेश दाखवणं हे सगळं एका जागी राहतं. बटण प्रायव्हेट ठेवलं की वारसात त्यावर दोनदा क्लिक करण्याची वाटच बंद होते.

रद्दच्या बटणाची 'कॉझेस व्हॅलिडेशन' ही प्रॉपर्टी बेसमध्येच 'नाही' करा. नाहीतर एखाद्या पेटीत चुकीचा नंबर असला की माणसाला रद्दसुद्धा दाबता येत नाही, आणि गेटवर ट्रकांची रांग लागते.

७. जे कंट्रोल वारशाला बधत नाहीत

काही कंट्रोल तुम्ही प्रोटेक्टेड केले तरी वारसात कुलूपबंदच राहतात. डेटा ग्रिड व्ह्यू आणि टूल स्ट्रिप ही नेहमी भेटणारी नावं. मेनू स्ट्रिपचंही तेच. टेबल लेआउट पॅनेल वारशात वापरू नका असं मायक्रोसॉफ्टचं दस्तऐवजच सांगतं. यावर दिवस घालवू नका. ग्रिड बेसमध्ये ठेवण्याऐवजी त्या जागी साधा पॅनेल प्रोटेक्टेड करून ठेवा आणि प्रत्येक वारसात त्यात आपापली ग्रिड टाका. ग्रिडचा रंग, फॉन्ट, ओळींची उंची सारखी हवी असेल तर ग्रिडचाच एक वारस क्लास करा.

वारसात 'डॉक फिल' केलेला (उरलेली सगळी जागा व्यापणारा) कंट्रोल बेसच्या शीर्षकपट्टीखाली जाऊन लपला तर त्यावर राइट क्लिक करून 'ब्रिंग टू फ्रंट' करा. डॉकिंग मागून पुढे लागतं, त्यामुळे मागे पडलेला कंट्रोल आधी सगळी जागा घेतो.

वजनकाट्यासाठी दिलेले जुने ३२ बिटचे अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल बेसवर ठेवू नका. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ हा ६४ बिटचा आहे आणि त्याच्या पोटात चालणाऱ्या डिझायनरला ते उघडता येत नाहीत. एका कंट्रोलपायी सगळे वारस फॉर्म बंद पडतात.

८. कंट्रोलचा वारसा

फॉर्मइतकाच, किंबहुना जास्त फायदा मला इथे झाला. जीएसटीआयएनची पेटी घ्या. 'टेक्स्टबॉक्स'चा वारसा घेणारा क्लास लिहा, बिल्ड करा, तो टूलबॉक्समध्ये येतो आणि कुठेही ओढता येतो. तपासणी एकाच जागी.

जीएसटीआयएन १५ अक्षरांचा. पहिले २ आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन. तेरावं अक्षर त्या पॅनवर त्या राज्यात झालेल्या नोंदणीचं, चौदावं सर्वसाधारणपणे झेड, पंधरावं पडताळणीचं. मी सुरुवातीला २७ सक्तीचं केलं होतं. वाशीला माल पाठवणाऱ्या गुजरातच्या पार्टीचा नंबर २४ ने सुरू होतो, तो आमच्या पेटीने नाकारला.

गाडीच्या नंबरचंही असंच. एमएच ०४ ठाणे, एमएच ४३ नवी मुंबई, एमएच ४६ पनवेल, हे डोळ्यांना इतकं सवयीचं की तपासणी तशीच लिहिली जाते. २०२१ पासूनच्या बीएच मालिकेत आधी वर्षाचे दोन आकडे येतात आणि मग बीएच. तुमची तपासणी ती गाडी गेटबाहेर उभी करेल. अशी चूक ४३ फॉर्मवर दुरुस्त करायची की एका क्लासमध्ये, हा फरक तुम्हाला त्या दिवशी कळतो.

आता यातला सापळा. 'कमाल लांबी १५' हे तुम्ही कंट्रोलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिता. ही पेटी फॉर्मवर ओढली की डिझायनर तिची तुलना मूळ टेक्स्टबॉक्सच्या ठरावीक किमतीशी (डीफॉल्ट व्हॅल्यूशी) करतो. ती ३२७६७ असते. १५ वेगळं दिसतं, म्हणून तो त्या फॉर्मच्या डिझायनर फाइलमध्ये १५ लिहून टाकतो. प्रत्येक फॉर्ममध्ये. उद्या क्लासमध्ये आकडा बदललात तर एकाही जुन्या फॉर्मवर परिणाम होत नाही, कारण फॉर्ममधली ओळ नंतर चालते. उपाय म्हणजे ती प्रॉपर्टी तुमच्या क्लासमध्ये पुन्हा जाहीर करून तिच्यावर 'डीफॉल्ट व्हॅल्यू १५' ही अ‍ॅट्रिब्यूट लावा. तुम्ही स्वतः बनवलेली जी प्रॉपर्टी डिझायनरने कधीच लिहू नये, तिच्यावर 'डिझायनर सिरियलायझेशन व्हिजिबिलिटी' लावून 'हिडन' करा. डॉट नेट ९ पासून हे न ठरवता सोडलेल्या सार्वजनिक प्रॉपर्टीवर डब्ल्यूएफओ१००० ही चूकच दाखवली जाते. नवीन प्रोजेक्टमध्ये ती दिसली तर दाबून टाकू नका, ती याच सापळ्यापासून वाचवते.

९. बेस बदलला, एक फॉर्म मात्र हलेना

प्रोटेक्टेड असलेलं एखादं बटण बेसमध्ये खाली सरकवलं, ४२ फॉर्मवर ते सरकलं, एकावर नाही. त्या फॉर्मवर कुणीतरी ते बटण कधीतरी एक पिक्सेल हलवलेलं असतं. हलवलं की त्याची जागा वारसाच्या फाइलमध्ये लिहिली जाते आणि तेव्हापासून त्या प्रॉपर्टीपुरता वारसा तुटतो. प्रॉपर्टीच्या खिडकीत ठळक दिसणाऱ्या किमती म्हणजे इथे बदललेल्या किमती. त्यावर राइट क्लिक करून 'रिसेट' करा. ते चालू नसेल तर डिझायनर फाइलमधली ती ओळ काढा. फॉर्मची 'लोकलायझेबल' प्रॉपर्टी चालू असेल तर किंमत रिसोर्स फाइलमध्ये असते, तिथून काढा.

अशा ओळी कुणी मुद्दाम टाकत नाही. एकाचा लॅपटॉप १२५ टक्के स्केलिंगवर, दुसऱ्याचा १०० वर, आणि नुसता फॉर्म उघडून सेव्ह केला तरी सगळ्या मापांच्या ओळी बदलतात. व्हिज्युअल स्टुडिओ वर पिवळी पट्टी दाखवून १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करायचं का विचारतो. हो म्हणा. टीममध्ये सगळ्यांनी हो म्हणायचं, हा नियमच करा. आणि कमिटच्या आधी डिझायनर फाइलचा फरक डोळ्यांखालून घाला. तुम्ही न केलेला बदल दिसला तर तो मागे घ्या.

१०. डेल्फी किंवा डब्ल्यूपीएफवर असाल तर

डेल्फीत ही सोय दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये त्याच्याही आधी होती. व्हीबी ६ मध्ये नव्हती, आणि आपल्याकडचे कितीतरी जुने प्रोग्राम कॉपी-पेस्टने भरलेले का आहेत याचं एक मोठं कारण तेच. डेल्फीच्या डीएफएम फाइलमध्ये वारशाने आलेल्या कंट्रोलपुढे 'ऑब्जेक्ट'ऐवजी 'इनहेरिटेड' लिहिलेलं असतं, ते हाताने बदलू नका. वारशाने आलेला कंट्रोल तिथे काढता येत नाही, लपवावा लागतो. बेसची किंमत परत आणायला राइट क्लिकमध्ये 'रिव्हर्ट टू इनहेरिटेड' आहे.

डब्ल्यूपीएफमध्ये झॅमलने बनवलेल्या खिडकीचा झॅमलनेच वारसा घेता येत नाही. तिथे टेम्प्लेट आणि यूजर कंट्रोलचा रस्ता धरा.

११. जुने फॉर्म बेसवर आणताना

एका दिवशी एकच फॉर्म. नवी शाखा काढा, कोडमध्ये बेसचं नाव बदला, मग वारसाच्या डिझायनर फाइलमधून बेसमध्ये असलेली बटणं काढा: जाहीर केलेली ओळ, तयार करणारी ओळ, प्रॉपर्टीच्या ओळी आणि फॉर्ममध्ये जोडणारी ओळ, सगळ्या. एखादं बटण तसंच राहिलं आणि बेसमध्ये त्याच नावाचं प्रोटेक्टेड बटण असेल तर कंपायलर नुसता इशारा देतो, 'वारशाने आलेला सदस्य झाकला जातोय'. बिल्ड होतं. फॉर्मवर मात्र एकावर एक दोन सेव्ह बसलेले असतात आणि वरचा जुना कोड चालवतो. इशाऱ्यांची यादी रिकामी होईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग 'व्ह्यू' मेनूतला 'टॅब ऑर्डर' चालू करून क्रम बघा. बेसचे आणि वारसाचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. बेसच्या तळाच्या बटणांना आधीच ९०० पासूनचे आकडे दिलेत तर वारसाचे कंट्रोल आपोआप त्यांच्याआधी येतात.

सुरुवात कमी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मपासून करा. आम्ही मास्टरच्या फॉर्मपासून केली, मग चलनं. गेट पास सगळ्यात शेवटी घ्या. तो रात्रपाळीतही चालतो आणि तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं. बदललेला गेट पास सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास टाका, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत स्वतः गेटच्या खोलीत, टाइप करणाऱ्याच्या शेजारी बसा. तो स्क्रीनकडे न बघता बटणापर्यंत पोचतोय का ते बघा. जुनी एक्झी त्याच मशीनवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि तिचा शॉर्टकट कुठे आहे ते त्याला दाखवूनच निघा.